भावाची हॉस्पिटलमधली सुनावणी शुक्रवारी आहे. मी बोलायला जाऊ का?

सांजवात | मंगळवार, रात्री ११:५२

एरवी वाचनमात्र असते. आज मुद्दाम वेगळा आयडी काढून लिहितेय, समजून घ्या.

धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो, वय ३१, एकटा राहतो. मी दुसऱ्या राज्यात. तीन वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे मन टोकाला चढतं-उतरतं त्या आजाराचं, निदान झालं. गोळ्या चालू होत्या, नोकरीही नीट चालली होती. मध्येच त्याने गोळ्या सोडल्या, हे आम्हाला आत्ता कळतंय. आठ-दहा दिवस झोप नाही, रात्री दोन-दोन वाजता फोन, आणि मग एकदम चिडीचूप. शनिवारी रात्री मेसेज आला, "जातो गं ताई." एवढंच.

तो कधीच 'जातो' म्हणत नाही. आमच्या घरात कुणीच म्हणत नाही, 'येतो' म्हणायचं. लहानपणी 'जातो' म्हटलं की आजी दारातून परत आत बोलवायची आणि 'येतो' म्हणवून घेऊन मगच सोडायची. मी दहा वेळा फोन केला, उचलला नाही, मग त्याच्या गावच्या पोलिसांना लावला. ते पोचले तेव्हा हा चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, दिवे मालवून बसला होता. तिथून ५१५०, म्हणजे तिकडच्या कायद्याच्या त्या कलमाखाली संमतीशिवाय ७२ तास हॉस्पिटलात. आज कळलं की ५२५० केलंय, म्हणजे पुढचं कलम, अजून १४ दिवस तसंच ठेवणार. शुक्रवारी सकाळी सुनावणी आहे आणि सोशल वर्कर विचारतेय, तुम्ही येऊन बोलाल का?

भाऊ माझ्याशी बोलत नाहीये. एकदाच फोनवर आला. "पोलीस तूच पाठवलेस ना?" म्हणाला आणि ठेवून दिला. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही.

तो समोर बसलेला असताना मी त्याच्याविरुद्ध बोलायचं? आणि बोलायचं झालं तर नेमकं काय? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

काळा डगला | बुधवार, रात्री १२:२०

सांजवातताई, मी वकील आहे. कॅलिफोर्नियातच, पण माझं क्षेत्र वेगळं आहे, तेव्हा हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

आधी एक भीती काढून टाका. हे कोर्ट नाही. सुनावणी बहुतेक हॉस्पिटलातल्याच एखाद्या खोलीत होते, कधी व्हिडिओवर. काळा झगा नाही, कठडा नाही. एक हिअरिंग ऑफिसर, हॉस्पिटलची बाजू मांडणारी व्यक्ती, तुमचा भाऊ, आणि त्याच्या बाजूने बोलणारा पेशंट्स राइट्स अ‍ॅडव्होकेट किंवा वकील. १४ दिवसांचा कागद झाला की चार दिवसांच्या आत ही सुनावणी व्हावीच लागते, त्याने मागितली नसली तरी. पुराव्याचे कडक नियम नाहीत, संवाद मोकळा व्हावा असंच कायदा म्हणतो.

प्रश्न एवढाच असतो की तीन कारणांपैकी एखाद्या कारणासाठी त्याला ठेवून घ्यायला पुरेसा आधार आहे का. स्वतःला धोका, दुसऱ्याला धोका, किंवा 'ग्रेव्हली डिसेबल्ड', म्हणजे आजारामुळे अन्न-वस्त्र-निवारा इतकंही जमत नाही. या तिसऱ्याची व्याख्या २०२४ पासून रुंदावली आहे, काऊंटींना (इथले जिल्हे) ती लागू करायला १ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत होती. नुसत्या आजारावरून तिथे निवाडा होत नाही. निदान बरोबर असूनही माणूस सुटू शकतो, सुटतातही.

कागदावर कुठली कारणं लावली आहेत ते आधी विचारा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

बंडोपंत | बुधवार, सकाळी ६:०५

इतकं विचारात काय पडायचंय? सख्खी बहीण आहे, डॉक्टर म्हणतायत ठेवा, तर ठेवा. हे अ‍ॅडव्होकेट वगैरे म्हणजे तिकडची थेरं. आजारी माणसाला 'तुला राहायचंय का' विचारणारे हे कोण? आपल्याकडे घरच्यांनी सही केली की काम झालं.

काळा डगला | बुधवार, सकाळी ८:४०

बंडोपंत, आपल्याकडेही तसं राहिलेलं नाही. १९८७च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटची रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे भरती करून घ्यायचा आदेश, होती. आता २०१७चा मेंटल हेल्थकेअर कायदा आहे, २९ मे २०१८पासून लागू. संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन स्वतंत्र तपासण्या लागतात, सुरुवातीची मुदत ३० दिवसांपर्यंतच, आणि रिव्ह्यू बोर्डाला सात दिवसांत कळवावं लागतं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. त्या बोर्डावर न्यायाधीश असतो, डॉक्टर असतात, आणि स्वतः आजारातून गेलेल्या किंवा अशा माणसाची काळजी घेणाऱ्या लोकांनाही जागा ठेवलेली आहे. निव्वळ सहीने काम होण्याचे दिवस कागदावर तरी गेले.

आणि सख्ख्यांचंच म्हणाल तर ऐका. इलिनॉयमध्ये १८६०साली एलिझाबेथ पॅकार्ड नावाच्या बाईला नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. तिथल्या कायद्यानुसार बायकोच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द पुरेसा होता, सुनावणी नाही. ती तीन वर्षं आत राहिली. १८६४मध्ये प्रकरण ज्युरीसमोर आलं आणि ज्युरीने सात मिनिटांत ती शहाणी असल्याचं सांगितलं. केनेथ डोनाल्डसनला १९५७मध्ये फ्लोरिडात आत टाकलं ते त्याच्या वडिलांच्या अर्जावरून. जवळजवळ १५ वर्षं. १९७५मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जो धोकादायक नाही आणि बाहेर स्वतः किंवा आपल्या माणसांच्या मदतीने सुखरूप राहू शकतो, त्याला नुसता आजारी म्हणून कोंडून ठेवता येत नाही. ती थेरं अशी आली आहेत.

डॉ. निवांत | बुधवार, सकाळी ९:१५

मानसोपचारतज्ज्ञ आहे, हॉस्पिटलच्या बाजूने अशा सुनावण्यांना बसलेलो आहे. ताई, तुमचा वेळ वाचवणारी एक गोष्ट. कॅलिफोर्नियात २००१चं असेंब्ली बिल १४२४ आहे. घरच्यांनी दिलेला आजाराचा इतिहास सुनावणीत विचारात घ्यावा लागतो, तो त्याच्यामुळे. बऱ्याच काऊंटींचा त्यासाठी फॉर्म असतो, सोशल वर्करला '१४२४चा फॉर्म' म्हणा, कळेल. मात्र त्यात लिहिलेलं तुमचा भाऊ वाचू शकतो हे धरूनच लिहा.

डॉक्टर तुम्हाला काही सांगत नसतील तर ते गोपनीयतेच्या नियमामुळे. पण तुमचं ऐकायला त्यांना कुठलीच आडकाठी नाही. फोन करून बोला, व्हॉइसमेलवर ठेवा, फॅक्स करा.

काय लिहू नये ते आधी सांगतो. 'तो मॅनिक (मन अति चढलेलं) झाला होता', 'त्याला इनसाइट (आजाराची जाण) नाही' हे आमचं काम, ते आम्हाला करू द्या. तुम्ही वार, वेळ आणि वाक्य लिहा. 'मंगळवारी रात्री २:१०ला फोन, पावणेदोन तास बोलला, मध्ये तीन वेळा रडला.' असं लिहिलेलं उलटतपासणीत टिकतं.

गोळ्यांबद्दल एक गैरसमज नेहमी असतो. शुक्रवारी त्याला ठेवायचं ठरलं तरी जबरदस्तीने औषध देता येईल असं नाही. त्यासाठी वेगळी सुनावणी असते, रीस हिअरिंग, १९८७च्या एका निकालावरून नाव पडलंय. तिथे प्रश्न असा की औषध घ्यावं की नाकारावं हे समजून ठरवण्याची क्षमता त्याला आहे का. इमर्जन्सीची गोष्ट निराळी.

सांजवात | बुधवार, सकाळी १०:०२

कारणं विचारली. 'स्वतःला धोका' आणि 'ग्रेव्हली डिसेबल्ड' अशी दोन आहेत. दुसरं का, तर फ्रिज रिकामा होता आणि आठवडाभर नीट जेवला नव्हता म्हणून.

डॉक्टर, तुमचं वाक्याचं वाचून एक लक्षात आलं. चार्टमध्ये त्या मेसेजचं काय केलंय माहितीये? सोशल वर्करने वाचून दाखवलं. 'पेशंटने बहिणीला मेसेज केला, आय अ‍ॅम गोइंग.' बस. हे वाचून कुणाला काय कळणार? मी पोलीस का बोलावले हेच त्यातून गायब झालंय. कुठे जातोय, दुकानात?

मोरपंखी | बुधवार, सकाळी १०:३०

अंगावर काटा आला. जातो-येतो हे कुठल्या इंग्रजीत सांगणार :( तुम्हाला बळ मिळो.

खिडकीपाशी | बुधवार, दुपारी १:१८

मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. दोनदा. एकदा सुटलो, एकदा राहिलो.

सुटलो त्या वेळी सुटायला नको होतं, हे आज म्हणतो. राहिलो त्या वेळचा राग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, आणि तो राहण्याचा नाहीच. बायको माझ्याकडे न बघता बोलली, त्याचा आहे. ती जे बोलली ते सगळं खरं होतं. पण मला ते पहिल्यांदा त्या खोलीत, चार परक्या माणसांसमोर कळलं. बाथरूमचं दार मी लावतो तेव्हा ती बाहेर उभी राहायची, हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून ताई, एक करा. शुक्रवारच्या आधी त्याला भेटा. भेटत नसेल तर चिठ्ठी द्या. मी काय बोलणार आहे ते हे असं असं, म्हणून शब्दशः लिहून द्या. चिडेल. चिडू द्या. तिथे बसून पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा बरं.

दुसरं, कपडे. वॉर्डात नाडी, बेल्ट, बुटाची लेस काहीही चालत नाही. मी पहिल्या सुनावणीला कागदी पँट आणि तळव्याला रबरी ठिपके असलेले हॉस्पिटलचे मोजे घालून गेलो होतो. अशा वेशात मी ठीक आहे असं कितीही सांगा, आपल्यालाच पटत नाही. इलॅस्टिकची साधी पँट, बटणांचा शर्ट, लेस नसलेले बूट घेऊन जा. चष्मा आत आहे का विचारा. दाढी करू देतात, कुणीतरी शेजारी उभं राहतं, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं.

तिसरं, तुमचा 'तो कधीच जातो म्हणत नाही' हा शब्द. कधीच? चॅट उघडा आणि 'जातो' शोधा. त्याचा अ‍ॅडव्होकेट शोधायला लावणारच आहे, आणि लावायलाच हवं.

बंडोपंत | बुधवार, दुपारी १:५५

खिडकीपाशी, तुमचा मान राखून. पण इथे एका मुलाचा जीव वाचलाय बहिणीच्या फोनमुळे, आणि तुम्ही तिलाच पुरावा शोधायला लावताय.

खिडकीपाशी | बुधवार, दुपारी २:१०

हो. कारण ते वाक्य खोटं ठरलं तर बाकी सगळंही कुणी ऐकणार नाही.

टॉवर ब्रिज | बुधवार, दुपारी ३:४७

थोडं अवांतर. इकडे इंग्लंडात उलटी रचना आहे. दोन डॉक्टर आणि एक मान्यताप्राप्त अधिकारी मिळून 'सेक्शन' करतात, म्हणजे संमतीशिवाय दाखल करतात. सेक्शन २ म्हणजे २८ दिवस, सेक्शन ३ म्हणजे सहा महिन्यांपर्यंत. न्यायाधीश लगेच येत नाही, पेशंटने ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा. सेक्शन २मध्ये पहिल्या १४ दिवसांत अर्ज केला तर आठवड्याच्या आत सुनावणी. माझ्या चुलतभावाच्या वेळी काकू 'नीअरेस्ट रिलेटिव्ह', म्हणजे कायद्याने ठरणारी सर्वांत जवळची नातेवाईक, होती. ७२ तासांची नोटीस देऊन मुलाला सोडवून न्यायचा अधिकार तिला होता, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर. ते तीन दिवस ती रोज संध्याकाळी नोटीस लिहायची आणि रोज सकाळी फाडायची.

काळा डगला | बुधवार, रात्री ९:३०

सांजवातताई, 'ग्रेव्हली डिसेबल्ड' लावलंय म्हणून एक जपून. घरचं कुणी 'मी त्याचं खाणंपिणं, राहणं बघीन, मला जमेल' असं लेखी दिलं, तर ते कारण गळून पडू शकतं. कायद्यातच तशी तरतूद आहे. तेव्हा भरून येऊन 'मी नेते त्याला घरी' असं कुठल्याही कागदावर लिहू नका, खरंच नेऊ शकत असाल तरच लिहा. 'स्वतःला धोका' या कारणाला मात्र हे लागू नाही.

आणि शुक्रवारी निर्णय त्याच्याविरुद्ध गेला तरी दार बंद होत नाही. तो हेबियस कॉर्पसची रिट मागू शकतो, म्हणजे मला ठेवून घेणं कायदेशीर आहे का ते तपासा असा अर्ज. मग खऱ्या कोर्टात, खऱ्या न्यायाधीशासमोर, अर्ज दाखल झाल्यापासून कोर्टाच्या दोन कामकाजी दिवसांत सुनावणी. हे त्याला अ‍ॅडव्होकेट सांगेलच, पण तुम्ही सांगितलंत तर तुमच्याबद्दलचा राग थोडा उतरेल असं मला वाटतं. इथे वकील म्हणून नाही, एका बहिणीचा भाऊ म्हणून बोलतोय.

(तुम्ही 'त्याच्याविरुद्ध' हा शब्द वापरलात म्हणून आठवलं. किती पुरावा लागतो यावरचा १९७९चा मोठा निकाल, अ‍ॅडिंग्टन विरुद्ध टेक्सस, आईने मुलासाठी केलेल्या अर्जातून निघालेला आहे. सहा दिवस ज्युरीसमोर चालला होता. बेमुदत डांबायचं तर नुसतं पारडं झुकून भागणार नाही, पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा, असं कोर्ट म्हणालं.)

सांजवात | गुरुवार, पहाटे ४:२६

झोप नाही. विमानतळावर बसलेय.

शोधलं. दोन वर्षांत 'जातो' चार वेळा. 'जिमला जातो.' 'आता मीटिंगला जातो, नंतर बोलू.' 'झोपायला जातो' दोनदा. म्हणजे 'कधीच' खोटं होतं. पण चारही वेळा कुठे ते लिहिलंय. नुसतं 'जातो' एकदाच, शनिवारी. आणि 'येतो गं' मोजायचा सोडून दिला, शंभरच्या पुढे गेले.

डॉक्टर, हे कसं लिहू?

डॉ. निवांत | गुरुवार, सकाळी ७:५०

जसं इथे लिहिलंत तसंच. मूळ मराठी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये. खाली शब्दार्थ. खाली एका ओळीत वापर: निरोप घेताना मराठी माणूस 'परत येतो' या अर्थाने 'येतो' म्हणतो, नुसतं 'जातो' टाळतो, कारण ते कायमचं जाण्यासारखं वाटतं. आणि ते चार मेसेजही जोडा, लपवू नका. 'आत्महत्येची चिठ्ठी' असं स्वतः नाव देऊ नका.

बरेच पेशंट आजारात मातृभाषेत बोलतात आणि चार्ट इंग्रजीत असतो. 'जीव नकोसा झालाय' असं आपल्याकडे उकाड्यालाही म्हणतात. तेच उद्या कुणी शब्दशः इंग्रजीत उतरवलं तर माणूस विनाकारण आत बसेल. हे दोन्हीकडून होतं.

मोरपंखी | गुरुवार, सकाळी ११:१२

भाऊ व्हिसावर असेल तर? माझ्या ओळखीत एकाला ग्रीन कार्डच्या मेडिकलची फार भीती होती.

काळा डगला | गुरुवार, दुपारी १२:०५

त्या तपासणीत नुसता आजार आडवा येत नाही. आजाराशी जोडलेलं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं आहे का, आणि ते पुन्हा होण्याची शक्यता आहे का, हे बघतात. म्हणून डिस्चार्जचे आणि पुढच्या उपचारांचे कागद जपायचे, इमिग्रेशनवाल्याला वेगळं विचारायचं. आत्ता त्या भीतीने फॉर्ममध्ये काही गाळू नका. शुक्रवार पार पडू दे.

सांजवात | शुक्रवार, रात्री ८:४०

झालं. सव्वा तास वाट पाहिली, सुनावणी पंचवीस मिनिटांची.

काल तो भेटला नाही. चिठ्ठी आणि कपडे नर्सपाशी दिले. आज खोलीत आला तो मी दिलेला निळा शर्ट घालून, बटणं एक घर चुकवून लावलेली. मी उठून नीट करणार होते, बसून राहिले. चिठ्ठी त्याच्या हातात होती, चार घड्या घालून. टेबलावर टिश्यूचा डबा आणि बंद घड्याळ. हिअरिंग ऑफिसर साठीच्या बाई, आवाज हळू. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं की गेल्या २४ तासांत त्याला कुठली औषधं दिली आणि त्याने त्याच्या बोलण्यावर काय परिणाम होऊ शकतो. हे मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

डॉक्टर बोलले, मग मी. त्याच्याकडे बघून बोलले, खिडकीपाशी. वार, वेळ, वाक्य. अ‍ॅडव्होकेट तरुण मुलगी होती. तिने नेमकं तेच विचारलं, याआधी त्याने हा शब्द वापरला नव्हता का? मी चारही मेसेज सांगितले. ती क्षणभर कागद चाळत राहिली.

मग बाईंनी त्यालाच विचारलं, तुझी बहीण शब्दाचा अर्थ सांगतेय तो बरोबर आहे का? तो म्हणाला, "अर्थ ती म्हणते तोच आहे. पण तो शनिवार होता. आज शुक्रवार आहे." अ‍ॅडव्होकेटने तो धागा धरला. धोका आज आहे का ते बघा, शनिवारी काय होता ते नाही. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की सोडावं याला, इतका नीट बोलत होता. मग बाईंनी विचारलं, आज सोडलं तर कुठे जाशील? घरी. गोळ्या? बघू. रात्री एकटं वाटलं तर कुणाला फोन करशील? यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

'ग्रेव्हली डिसेबल्ड' काढून टाकलं. फ्रिज रिकामा असणं पुरेसं नाही, भाडं वेळेवर भरतोय, जेवण मागवून खाऊ शकतो, असं बाई म्हणाल्या. 'स्वतःला धोका' ठेवलं. म्हणजे तो राहिला. पण १४ दिवस पूर्ण झालेच पाहिजेत असं नाही, डॉक्टर आधीही सोडू शकतात. रिटबद्दल अ‍ॅडव्होकेटने त्याला सांगितलं. तो म्हणाला, सोमवारपर्यंत विचार करतो.

बाहेर पडताना माझ्याशी एकच बोलला. चिठ्ठीत 'झोपायला जातो' दोनदा लिहिलंयस, तीनदा आहे, नीट मोज.

खिडकीपाशी | शुक्रवार, रात्री ९:०२

मोजलंत?

सांजवात | शुक्रवार, रात्री ९:१५

तीनदाच आहे. एक 'झोपायला जतो' असं चुकीचं टाइप केलेलं होतं, म्हणून शोधात आलं नव्हतं.

बंडोपंत | शुक्रवार, रात्री ९:४०

आईवडिलांना सांगा आता. त्यांना नंतर कळलं तर ते जास्त लागेल. आणि वर जरा तोडून बोललो, ते मनावर घेऊ नका.

काळा डगला | शुक्रवार, रात्री ९:५८

सुनावणीच्या निकालाची प्रत आणि ५२५०च्या कागदाची प्रत, दोन्ही त्याच्याकडे असायला हव्यात. नसल्या तर अ‍ॅडव्होकेटकडून मागून घ्यायला सांगा. त्याच्या ऑफिसात निदान कळवायची गरज नाही. एचआरला फक्त वैद्यकीय रजा एवढंच सांगायचं, फॉर्म डॉक्टर भरून देतात.

सांजवात | शनिवार, सकाळी ८:१०

आईशी बोलले. ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली, त्याला तिथे पांघरूण पुरेसं आहे का विचार.

रजेचा फॉर्म सोशल वर्करला दिला. भेटीची वेळ चार ते पाच आहे. त्याने निरोप पाठवलाय की फोनचा चार्जर आण. वॉर्डात वायर चालत नाही हे त्यालाही माहीत आहे. काउंटरवर नर्स लावून देतात का ते विचारते.